बिनवासाचं घर

"काकू, एक सांगू? राग नका मानू," असं एजंटबाई म्हणाली तेव्हाच मी सावध झाले. तासाभरापूर्वी ती तीन मजले चढून धापा टाकत आली तेव्हा मी मॅडम होते. मॅडमवरून माणूस काकूवर घसरला की समजावं, आता काहीतरी नको ते कानावर येणार. तिने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या होत्या, नळ सोडून पाहिले होते, उजेडाची तारीफ केली होती, बाल्कनीत उभी राहून "अगदी मोकळं वाटतं हो" म्हणून झालं होतं. आणि आता निघताना, एक चप्पल पायात आणि एक हातात अशी उभी राहून, उगाचच आवाज खाली आणून ती म्हणाली, "घराला वास येतो." मी विचारलं, "कसला?" तिने नुसतं खाली पाहिलं. खाली मुकादम होता. तिच्या हातातली चप्पल तो मन लावून हुंगत होता, शेपटी हलवत होता, आणि आपल्याविषयी काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. "घरच्यांना सवय झालेली असते ना," ती म्हणाली, "पण बाहेरून येणाऱ्याला दारातच जाणवतं. त्यातून जिना चढून दमलेला माणूस मोठ्ठा श्वास घेतो की नाही? तो नेमका इथेच घेतो." ती हसली. मीही हसले. का हसले कोण जाणे. दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

मग मी मोठ्ठा श्वास घेतला. काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन घेतला, निजायच्या खोलीत घेतला, मुकादमच्या गादीशी गुडघे टेकून घेतला. काही नाही. मला काही येणारच नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी रिकामा खिसा माणूस पुन्हापुन्हा चाचपतो तसं चाललं होतं. माझं नाक कधी गेलं ते मला सांगता यायचं नाही. रंगाच्या कारखान्यात, शेड जुळवायच्या विभागात सगळी नोकरी काढली, थिनरच्या उघड्या डब्यांवर वाकून. सुरुवातीला डोकं दुखायचं, मग दुखेनासं झालं. मला वाटलं, झाली सवय. सवय कसली, नाकाने राम म्हटला होता. दूध करपलं तर मला धूर दिसेल तेव्हा कळतं. पण डोळ्यांचं विचाराल तर माझ्यासमोर भलेभले गप्प बसायचे. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं, म्हणायचं, याच्याशी जुळणारा पांढरा हवा, आणि त्या पांढऱ्यात पिवळा किती, काळा किती, निळा किती ते मी नुसतं उजेडात धरून सांगायची. बाईंनी मान हलवली की डब्याला झाकण, असा दरारा. अशी मी, जिच्या नजरेतून पांढऱ्यातला थेंबभर पिवळा सुटत नाही, ती वर्षानुवर्षं एका वासात राहतेय आणि तिचं तिलाच माहीत नाही. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की घरात कुणी नसताना मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आणि गंमत बघा, घर विकायला काढलं होतं ते याच प्राण्यापायी. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहराच्या लिफ्ट चालत्या ठेवणाऱ्या माणसाने स्वतःचं घर घेतलं ते बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. का, तर म्हणे दिवसभर त्या डब्यात लटकतो, घरी तरी पाय जमिनीला लागू देत. तो होता तोवर ठीक होतं. त्यानेच हे पिल्लू कुठल्याशा इमारतीच्या तळघरातून उचलून आणलं आणि दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेतो म्हणून त्याचं नाव मुकादम ठेवलं. "काय मुकादम, सगळे कामावर आले का?" असं रोज संध्याकाळी विचारायचा. मग तो गेला, एका दुपारी, छातीत कळ येऊन, आणि मी आणि मुकादम राहिलो. आता मुकादम म्हातारा झालाय. मागचे पाय लुळे पडत चाललेत, एका डोळ्यात पांढरं उतरलंय, दुसऱ्याने जेमतेम उजेड आणि अंधार कळत असेल. जिना त्याला जमत नाही. सकाळ-संध्याकाळ मी त्याला उचलून खाली नेते आणि उचलून वर आणते. तो काही बशीत मावणारा कुत्रा नाही, चांगलं धान्याच्या पोत्याएवढं धूड आहे. मधल्या मजल्यावर मी टेकते, गुडघे म्हणतात बाई गं, आता पुरे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "तळमजला बघा, म्हणजे हा अजून काही दिवस सुखात काढेल." मी बघितला. गावाबाहेर दोन खोल्या, समोर हातभर माती, एक झाड. दार उघडलं की पाय मातीत. त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर जाता येईल, स्वतःच्या पायांनी आत येता येईल, एवढंच मला हवं होतं. ताई, माझी थोरली बहीण, म्हणाली, "कुत्र्यासाठी घर विकतेस? लोक घरासाठी कुत्रं देऊन टाकतात." मी म्हटलं, "लोकांचं लोकांपाशी."

पण ती एजंटबाई गेली त्या दिवसापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला. वास येतो, ठीक आहे. मग इतक्या वर्षांत मला कुणी कसं सांगितलं नाही? इतकी माणसं या दारातून आत आली, बसली, चहा प्यायली, चहा छान झालाय म्हणाली. त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या पावलात कळलं असेल. आणि प्रत्येकाने तोंडावर हसू ठेवलं असेल. मी एकेकाला डोळ्यासमोर आणायला लागले. कारखान्यातली माझी मैत्रीण, डबे मोजणारी, ती आली की म्हणायची, "अगं, इथे बसण्यापेक्षा बागेत जाऊ, हवा छान आहे." मला वाटायचं, किती हौशी बाई. नवऱ्याचा चुलतभाऊ दर वेळी घाईत, बसायला म्हणून वेळ नाही. वीजमीटर बघणारा माणूस मीटर बघताना तोंडाने श्वास घ्यायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला दमा आहे. म्हणजे जे मी माणसांचे स्वभाव समजत होते ते सगळं काहीतरी भलतंच होतं की काय? कुणाला मी हौशी म्हटलं, कुणाला घाईचा, कुणाला रोगी, आणि ते सगळे नुसते नाक धरून होते. इस्त्री करता करता, भाजी चिरता चिरता, एकेक माणूस पुन्हा नव्याने आठवायचा आणि कानशिलं गरम व्हायची. पूर्वी मला वाटायचं, माझा सगळ्यांशी चांगला घरोबा आहे.

ताईला फोन केला. तिला आडवळणाने काही विचारायची सोय नाही, ती सरळ विचारलेलंच टोलवते. मी म्हटलं, "ताई, खरं सांग. माझ्या घराला वास येतो?" तिने आधी नळ बंद केला. मग म्हणाली, "आता कुत्र्याचं घर म्हटल्यावर, थोडाफार…" मी म्हटलं, "थोडा की फार?" तर म्हणाली, "तू काय माझी उलटतपासणी घेतेस गं?" मला एकदम आठवलं, किती वर्षं झाली, ताई माझ्याकडे राहायला आलेली नाही. "तूच ये ना, माझ्याकडे जागा मोठी आहे," हे तिचं ठरलेलं. आणि मी दर वेळी पिशवी भरून तिच्याकडे जायची, तिने बोलावलं म्हणून हुरळून. "तू म्हणून येत नव्हतीस का राहायला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "काहीतरीच काय!" इतक्या पटकन म्हणाली की मी काय ते समजले. मी चिडले. म्हटलं, "सांगायला काय झालं होतं? परकी आहे का मी?" तर ताई म्हणाली, "परकी नाहीस म्हणून तर नाही सांगितलं." हे वर आणि. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला तिचा राग आला, आणि मग तिच्यापेक्षाही स्वतःचा.

पण सगळ्यांत वाईट नवऱ्याचं. त्याच्यापाशी मी शेवटी पोचले, कारण तिथे जायला मला भीती वाटत होती. रोज संध्याकाळी जेवण झालं की तो बाल्कनीत जाऊन बसायचा. थंडीतसुद्धा, कानाला मफलर गुंडाळून. मी आतून हाक मारायची, "आत या ना, गारठा आहे," तर म्हणायचा, "बसतो जरा, बरं वाटतं." शेवटची काही वर्षं तर तो तिथेच डुलकी काढायचा, आणि मी आत एकटी. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्याला एकांत लागतो, डब्यात लटकून लटकून उघड्या हवेची भूक लागली असेल. आता वाटायला लागलं, वासाने तर नाही ना बसला तो बाहेर? मी आत, वासात, बिनघोर; आणि माझा माणूस बाहेर कुडकुडतोय आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. एका वाक्याने झालं असतं सगळं. मी रोज फरशी पुसली असती, रोज गादी धुतली असती. तो संध्याकाळी आत बसला असता, माझ्या शेजारी, सोफ्यावर. किती संध्याकाळी असतील त्या. आता त्याला विचारू कसं? त्याच्यावर मी खूप रागावले, मेलेल्या माणसावर रागवावं तितकं, आणि मुकादमवरही रागावले. त्या दिवशी त्याने नेहमीसारखं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं तर मी ते बाजूला सारलं. तो काही न समजून पुन्हा ठेवायला आला. मी पुन्हा सारलं.

एजंटबाईने सांगितलंच होतं, "गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत त्याला कुठेतरी ठेवा, आणि घर एकदा स्वच्छ करून घ्या." ताईच्या घराला मागे पडवी आहे. ताईने कां कूं करत हो म्हटलं. फोनवरच्या त्या बोलण्याची भरपाई म्हणून असेल. मी त्याला टॅक्सीत घालून सोडून आले. निघताना तो पडवीच्या दाराशी कान टवकारून उभा होता, तोंड माझ्याकडे नाही, माझ्या जरा उजवीकडे वळवून. मी म्हटलं, "मुकादम, आलेच हं." आणि मग घरी येऊन कंबर कसली. गाद्यांचे अभ्रे, पडदे, गालिचा, त्याची गोधडी, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. त्याची गादी तर टाकूनच दिली. फरशी फिनाइलने, मग सोड्याने, मग दुकानदाराने दिलेल्या कसल्याशा निळ्या औषधाने. सोफ्याचं कापड फाडून नवीन घातलं. भिंती खालपासून कमरेएवढ्या घासल्या, कारण तो अंग घासत चालायचा तिथे एक पुसट करडी रेघ होती. माझ्या डोळ्यांना ती दिसत होती, पण तिला मी इतके दिवस सावली समजत होते. मग घासलेलं आणि न घासलेलं वेगळं दिसायला लागलं, म्हणून सगळ्या घराला रंग काढला. माझ्याच कारखान्यातला, मीच जुळवलेला पांढरा. एजंटबाई मधे येऊन गेली, दारात उभी राहून म्हणाली, "वा, गेला की हो वास!" मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माझा विश्वास बसेना. आजवर ज्यांनी ज्यांनी मला 'छान' म्हटलं होतं ते सगळे असेच हसऱ्या तोंडाने म्हणाले होते. रंगाचं बरं असतं, जुळला की जुळला, माझं मला दिसतं. हा वास कधी संपला ते मला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी मी ऐकणार कशी? म्हणून मी थांबलेच नाही. पुन्हा फिनाइल, पुन्हा सोडा, फटीफटीतून दात घासायचा ब्रश. ताईचा फोन आला की "बरा आहे गं, जरा कमी खातो" एवढं ऐकायची आणि पुन्हा बादली भरायची.

फिनाइलचा आणि रंगाचाही वास जावा म्हणून शेवटी एजंटबाईने चार दिवस सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या, मग गिऱ्हाईक आलं. नवराबायको, तिशीतले, बाई पोटुशी. तिने दारातच थांबून श्वास घेतला, नाकपुड्या फुलवून, सावकाश. तिला सध्या कशाकशाने मळमळतं, असं तिचा नवरा सांगत होता. मग ती म्हणाली, "अय्या, इथे तर कसलाच वास नाही!" आणि सरळ आत जाऊन माझ्या सोफ्यावर बसली. एजंटबाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. उठताना त्या मुलीने सहज विचारलं, "तुमच्याकडे कुत्रं-मांजर काही होतं का? म्हणजे बाळ येणार म्हणून विचारते." एजंटबाईने मला आधीच पढवून ठेवलं होतं. पण तिने पढवलं नसतं तरी मी तेच म्हटलं असतं, कारण माझ्या तोंडून ते इतकं झटकन बाहेर पडलं की बस. "छे छे," मी म्हटलं, "कधीच नव्हतं." वर हसलेसुद्धा. सौदा ठरला. ती मंडळी जिना उतरली, आणि मला वाटलं होतं मी आता आनंदाने नाचेन, तळमजल्यावरचं ते झाड, ती हातभर माती डोळ्यासमोर येईल. मनात आलं ते एवढंच, की मुकादम मेला असता तरी मी इतक्या सहज 'नव्हता' म्हटलं नसतं. मी तशीच पर्स उचलली आणि ताईकडे गेले.

ताईने दार उघडेपर्यंत त्याला कळलं होतं. पडवीतून खरडत आला, माझ्या पोटरीवर थडकला, आणि कण्हल्यासारखा आवाज काढून माझे हात चाटायला लागला. हात फिनाइलने सोलून निघाले होते, तरी त्याने मला ओळखलं. बारीक झाला होता. ताई म्हणाली, "तुझीच वाट बघत होता, आमच्यापैकी कुणाला हिंग लावून विचारलं नाही त्याने." मला इतकं बरं वाटलं की ताईवरचा रागही गेला. टॅक्सीत मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, घर विकलं गेलं मुकादम, आता महिन्याभराने तुला माती, तोवर आपल्या घरी मजेत राहू. मग उचलून वर नेला. मधल्या मजल्यावर टेकले. तिथूनच त्याचं अंग ताठ झालं, शेपटी माझ्या कोपरावर आपटायला लागली. घर जवळ आलं हे त्याला समजलं होतं. मी दार उघडलं आणि त्याला उंबऱ्याच्या आत अलगद उतरवला.

तो जिथल्या तिथे थांबला. शेपटी थांबली. नाक वर गेलं, खाली आलं, डावीकडे, उजवीकडे. एरवी इथून तो न अडखळता सोफ्याला वळसा घालून सरळ पाण्याच्या भांड्याशी जायचा. डोळे गेलेत असं आल्यागेल्याला सांगितलं तरी पटायचं नाही. आता त्याने दोन पावलं टाकली आणि सोफ्यावर आपटला. दचकून मागे सरला. भिंतीशी आला, नाक लावलं, शिंकला. पुन्हा पुढे गेला तर टेबलाच्या पायावर कपाळ. त्याची गादी सोडली तर एकही वस्तू मी जागची हलवली नव्हती. सोफा तिथेच, टेबल तिथेच, भांडं तिथेच, मी सगळं जिथलं तिथे ठेवलं होतं. "अरे, आपलंच आहे," मी म्हटलं, "मुकादम, आपलं घर." तो खोलीच्या मधोमध उभा राहून भुंकला. माझ्यावर नाही, खोलीवर. परक्याच्या घरी भुंकतात तसा, एकदा भुंकून, मग घाबरून. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की तो इतकी वर्षं कशाच्या आधाराने या खोल्यांतून चालत होता. मी वेड्यासारखी कपाटं उघडली. काहीतरी न धुतलेलं राहिलं असेल, एखादं फडकं, एखादा मोजा, नवऱ्याचा स्वेटर. स्वेटर तर मी दोनदा धुतला होता. माझ्यासारखी कामाची बाई शोधून सापडायची नाही, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. मी परत आले तर तो माझ्या आवाजाच्या रोखाने आला, माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि मला दाराकडे ओढायला लागला. रागाने नाही, हळूच. ताईच्या दारातून मी त्याला आणला तसा आता इथूनही न्यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मी दार उघडलं. तो बाहेर पडला आणि जिन्याच्या चौकावर, जिथे सगळ्यांचेच पाय लागतात आणि म्हणून मी फडकं फिरवलं नव्हतं, तिथे त्याने नाक टेकलं. कठड्याशी गेला, पायरीच्या कडेला गेला, परत आला. मग एक सुस्कारा सोडून खाली बसला, अंग सैल सोडून. मीही त्याच्याजवळ पायरीवर बसले. महिन्याभराने तळमजला, तिथेही सगळं नवं, भिंतींना कोरा रंग. त्याचे पाय वाचावेत म्हणून मी हे सगळं केलं, आणि होतं ते घर त्याच्याकडून काढून घेतलं. आता परत कुठून आणून देऊ? कुठल्या डब्यात ते जुळवून मिळतं? खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली गच्चीवरचे कपडे काढायला वर आली. आम्हाला दोघांना पायरीवर बघून म्हणाली, "काय हो, किल्ली विसरलात?" मग मागचं सताड उघडं दार तिला दिसलं. आत डोकावून म्हणाली, "अगंबाई, काय चकाचक केलंय! मग इथे बाहेर का बसलात?"

"याला घरी जायचंय," मी म्हटलं.

"मग जा की आत," ती हसून म्हणाली, "दार उघडंच तर आहे." आणि मला रडू आवरेना.